इंगवल्यांच्या गडावर हवाई स्वारी

ज्या मातीत पूर्वजांचं रक्त सांडलं, ती माती एकदा आकाशातून पाहिल्याशिवाय माणसाच्या जन्माचं सार्थक होत नाही.

हे वाक्य माझं. हंबीरराव इंगवले यांच्या घराण्याच्या इतिहासाचं पहिलं वाक्य म्हणून मी ते लिहिलं, तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या घरी पंख्याखाली बसलो होतो आणि आकाशातून काहीही पाहायचा माझा इरादा नव्हता. अशा पुस्तकाचं पहिलं वाक्य थोडं फुगवावंच लागतं, कारण पुढं चारशे पानं वाचकाला ओढत न्यायचं असतं. अडचण एवढीच झाली की हंबीररावांनी ते वाचलं. बाकीचं काही वाचलं नाही, पण हे वाचलं आणि मनावर घेतलं.

"सर, मग बघूया की," ते म्हणाले.

"काय बघूया?"

"आकाशातनं. गड."

गड म्हणजे निशाणगड. इंगवले पिढ्यान्‌पिढ्या या गडाचे किल्लेदार होते, असं हंबीररावांचं म्हणणं. गड आजरा-भुदरगडाच्या डोंगरात कुठंतरी होता. नेमका कुठं, ते नकाशाला ठाऊक नव्हतं आणि हंबीररावांनाही ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की नकाशा ते कबूल करत होता. "मला माहीत नाही" हे हंबीररावांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. त्यांना रस्ता विचारला तर सांगत, कायदा विचारला तर सांगत, औषध विचारलं तर किती चमचे तेही सांगत. गडाचं विचारलं की "हाय की तिकडं" म्हणून हात दक्षिणेला करत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गडाचा फोटो हवा होता. फोटोसाठी गड हवा होता. म्हणून ही मोहीम.

विमान मृत्युंजय अण्णांचं. अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कन्नड बोलतात, कामगारांशी मराठी आणि बिघडलेल्या यंत्राशी दोन्ही. एमआयडीसीत त्यांची फौंड्री आहे. पंपाचे, ट्रॅक्टरचे, डिझेल इंजिनांचे भाग ओतण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. डॉक्टरांनी मन रमवा म्हटल्यावर लोक बाग करतात. अण्णांनी चार माणसांचं एक जुनं विमान घेतलं.

कोल्हापुरात इंजिन हा विषय वेगळा आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. दुसऱ्या गावातल्या लोकांना क्रिकेट कळतं, आमच्याकडं इंजिन कळतं. रस्त्यात कुणाची मोटार बंद पडली की बघता बघता चारपाचजण बॉनेटमध्ये वाकतात, आवाजावरून निदान होतं, आणि ज्याची मोटार असते तो बिचारा मागं उभा राहून "जरा बघू द्या की" म्हणत असतो. अण्णा तर या लोकांचे महाराज.

विमान चालवायला त्यांनी शिवांजलीला ठेवलं होतं. त्यांच्याच गावाकडची पोरगी, पंचविशी नुकतीच ओलांडलेली. अण्णा तिला "तंगी" म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर अण्णा विमानाभोवती फिरत असताना ती मला म्हणाली, "सर, पुढच्या सोमवारी माझी मुलाखत आहे. मोठ्या कंपनीत. आज फक्त नीट जाऊन नीट यायचंय."

"येऊ की," मी म्हणालो, जणू ते माझ्या हातात होतं.

"तिथं पाटी कोरी लागते. अपघात झाला आणि त्यात वैमानिकाची चूक निघाली, तर मुलाखत राहिली बाजूला, लायसन्सच जायचं. आणि चार माणसांची मोहीम म्हटल्यावर मला जरा धाकधूक वाटते."

तिची धाकधूक रास्त होती, कारण तेवढ्यात हंबीरराव तिच्या शेजारच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

"काका, पुढं सर बसतील. हलके आहेत ते. इथं खाली-वर सगळे खटके असतात, चुकून हात-पाय लागायला नको."

"मानकऱ्यानं पुढं बसायचं असतंय, पोरी," हंबीरराव म्हणाले. "जीपमदी बी मी पुढंच असतो. मदी गिअर असतोय, कदी लावलाय का हात? इच्यार कुणाला बी."

विचारायला कुणी नव्हतं. अण्णांनी तिला डोळ्यांनीच जाऊ दे म्हटलं. तिनं दार कसं उघडायचं, पट्टा कसा सोडायचा, कशाला हात लावायचा नाही, हे सगळं नीट समजावून सांगितलं. हंबीररावांनी ते आभारप्रदर्शन ऐकावं तसं ऐकलं.

आणि आम्ही उडालो.

ऑक्टोबरातली सकाळ होती. खाली उसाचे हिरवे तुकडे, त्यांच्यामधून दूधगंगा अन् वेदगंगेचे चकाकते दोरे, मुरगूडचा तलाव, तांबडी कौलं, आणि मग हळूहळू जमीन सुरकुतत गेली. शेतं संपली, डोंगर लागले. डोंगर वरून पाहिले की सगळे सारखे दिसतात, ही गोष्ट माझ्या पहिल्या वाक्यात नव्हती. प्रत्येक टेकाड गड असू शकत होतं आणि प्रत्येक खडक बुरूज.

"त्योच!" हंबीरराव काचेवर बोट टेकवून म्हणाले. "सर, काढा फोटो."

मी फोटो काढला. थोड्या वेळानं दुसरा डोंगर आला आणि तोही तोच निघाला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी खाली वाकून पिशवीला हिसका दिला आणि दुर्बीण वर काढली. ती डोळ्याला लावली न लावली तोच विमानात काहीतरी बदललं.

आवाज गेला.

आधी एक उचकी, मग दुसरी, मग काहीच नाही. समोरचा पंखा फिरत होता, पण घरातली लाईट गेल्यावर पंखा फिरतो तसा, आपला नाइलाजानं. वाऱ्याची शीळ ऐकू येऊ लागली. इतका वेळ हा वारा बाहेर होता, हे मला तेव्हा कळलं.

"उतार लागला जनू," हंबीरराव मागं वळून मला म्हणाले. "न्यूट्रल केलीया पोरीनं. पेट्रोल वाचतंय."

शिवांजलीनं विमानाचं नाक थोडं खाली केलं. तिचे हात भराभर चालू लागले. एक खटका वर, एक खाली. पंप. किल्ली. पुन्हा किल्ली. इंजिन गप्प.

"अण्णा, इंजिन गेलं," ती म्हणाली.

"प्लग असणार," अण्णा मागून म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. आवाजावरून निदान करायची त्यांची सवय, आणि आवाजच नव्हता.

शिवांजलीनं डावा हात दांड्यावर ठेवून उजवा हात खाली, दोन सीटच्या मध्ये घातला. तिथं हंबीररावांचा गुडघा होता आणि गुडघ्याशी त्यांची खादीची पिशवी.

"काका, तुमच्या गुडघ्यापाशी लाल मूठ आहे. पेट्रोलची. ती पूर्ण आत आहे का? बघा पटकन!"

"हाय हाय. आतच हाय."

"नक्की?"

"अगं हाय म्हंतो की."

तिनं हात वर घेतला. रेडिओवर इंग्रजीत काहीतरी तीन वेळा म्हटलं. त्यातलं 'मे डे' मला कळलं आणि पुढचं कळायची इच्छा राहिली नाही. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पट्टा आवळला. तो आधीच आवळलेला होता. मग मांडीवरची इंगवल्यांच्या वंशावळीची फाईल घट्ट धरली. चौदा पिढ्या आणि मी असे सगळेच खाली चाललो होतो.

डोंगर वर येऊ लागले. झाडं वेगवेगळी दिसू लागली. मग एका धारेच्या पलीकडं एकदम सपाटी दिसली. आमच्याकडं याला सडा म्हणतात. डोंगराच्या माथ्यावर पसरलेलं जांभ्या खडकाचं उघडं पठार, वर बोटभर गवत आणि पावसाळ्यानंतरची जांभळी-पिवळी फुलं. मेज पुसून ठेवल्यासारखी ती जागा होती. मेजाच्या चारी बाजूंना मात्र दरी होती.

"तिथं उतरते," शिवांजली म्हणाली. "डोकं गुडघ्यात घाला. सर, चष्मा काढा."

मी चष्मा काढला. बरंच झालं, पुढचं सगळं अंधुक दिसलं.

धार जवळ आली. फार जवळ आली. झाडांचे शेंडे पोटाला घासल्यासारखा आवाज झाला. मग झाडं संपली! चाकं टेकली. विमान उसळलं. पुन्हा टेकलं. फुलं काचेवर आदळली. खडखड, खडखड, दात वाजले, फाईल उडाली, चौदा पिढ्या विमानभर झाल्या. एक धक्का. विमान एका बाजूला कललं, गर्रकन अर्धं वळलं आणि थांबलं.

समोर सड्याची कड होती. तिच्यापलीकडं एक घार उडत होती, आमच्यापेक्षा खाली.

 शिवांजलीनं वरचे सगळे खटके एकेक करून बघितले. 

"ब्रेक चांगलं हायती," हंबीरराव म्हणाले.

आम्ही उतरलो. एक टायर फाटला होता, त्याखेरीज विमानाला ओरखडा नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. शिवांजली म्हणाली, "मी कडेनं फिरून रेंज बघते. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. जसं आहे तसं राहू दे. चौकशीला लोक येतील. इंजिन का थांबलं ते त्यांना बघू दे. माझं सगळं त्यावर आहे." हे तिनं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा अण्णांकडं बघून. मग मला म्हणाली, "सर, लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. ती टेकाडाआड दिसेनाशी झाल्यावर अण्णांनी सीटमागून हत्यारांची थैली काढली, तेव्हाही माझं लक्ष होतं.

"अण्णा, ती नको म्हणालीय," मी म्हणालो.

"सर, माझं इंजिन आहे. नुसतं बघतो. तिच्या भल्यासाठीच. दोष इंजिनात आहे असं दिसलं म्हणजे पोरीवर काही येणार नाही, हो की नाही?"

यात तथ्य होतं. "हा पाना धरा," अण्णा म्हणाले, आणि मी धरला.

झाकण निघालं. प्लग निघाले, ठीक होते. मग पेट्रोलची नळी निघाली. कार्ब्युरेटर निघाला. अण्णांनी तो उन्हाला धरून फुंकला, हुंगला, कन्नडमध्ये त्याला काहीतरी विचारलं. हंबीररावांनी आपलं उपरणं खडकावर अंथरलं आणि निघालेला एकेक भाग त्यावर मांडायला सुरुवात केली. मध्येच ते सांगत, "त्यो वायसर बघा. वायसरच गेला असंल." इंजिनाला हात लागल्यापासून दोघं इतके खुशीत होते की आपण दरीच्या काठावर अडकलोय हे ते विसरले. खरं म्हणजे थोडा मीही विसरलो. एक नट तर मी स्वतः काढला.

शिवांजली परत आली. उपरण्यासमोर उभी राहिली.

"एक मेसेज गेला," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे काय आहे?"

"तंगी, इंजिन एकदम नंबरी आहे," अण्णा आनंदानं म्हणाले. "काही दोष नाही. सगळं उघडून बघितलं."

"नळीत पेट्रोल होतं?"

अण्णा थांबले. "बघितलं नाही. काढली तेव्हा हात ओला झाला की नाही... सर, झाला काय हो?"

मला आठवेना.

"अण्णा, त्यांना तेवढं एकच बघायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "इंजिनपर्यंत पेट्रोल येत होतं की नव्हतं. आता ते कुणालाच कळणार नाही. इंजिनात दोष नाही हे मात्र तुम्ही सिद्ध केलंत. मग राहिलं कोण?"

 ती एका खडकावर जाऊन बसली आणि बुटाला चिकटलेली फुलं काढत राहिली. अण्णांनी कार्ब्युरेटर परत जोडायला घेतला. पण काढताना तिघांनी काढला होता आणि कुठला स्क्रू कुठला, यावर तिघांची तीन मतं होती.

दुपार कलली तसे गवे आले.

आधी एकच दिसला. काळा, मोटारीएवढा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मग त्याच्या मागून झाडीतून आणखी निघाले, आणि अख्खा कळप सडा ओलांडत आमच्याकडं येऊ लागला. गवा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते लिहिणारेही बहुधा पंख्याखाली बसलेले असतात.

"विमानात चला," शिवांजली हळू म्हणाली. "पळू नका."

आम्ही पळालो. मी सगळ्यांत आधी पोचलो आणि समोर जे दार होतं त्यातून आत घुसलो. ते पुढच्या सीटचं होतं. मागून हंबीरराव धापा टाकत आले, दारात थांबले आणि म्हणाले, "सर, मागं."

"हंबीरराव, गवा."

"दिसतोय मला. मागं जावा."

गवा फुत्कारला. मी उतरलो, सीट पुढं लोटली, मागं गेलो. हंबीरराव आपल्या जागेवर बसले, दार ओढलं, आणि श्वास लागलेला असतानाही सवयीनं, हाताकडं न बघता, खांद्यावरची पिशवी काढून दोन सीटच्या मध्ये खाली अडकवली.

शिवांजली त्या हाताकडं बघत होती.

"काका," ती म्हणाली, "पिशवी कशाला अडकवलीत?"

"त्ये काय खुंटी हाय की तितं. लाल."

"सकाळीही तिथंच होती?"

"मग काय डोक्यावर घिऊन बसू?"

ती वाकली. पिशवीचा बंद बाजूला केला. पेट्रोल बंद करायची ती लाल मूठ विमानाच्या भाषेत खुंटी नव्हती. ती आत असली की पेट्रोल चालू, बाहेर ओढली की बंद. ती बाहेर होती, पुरती. दुर्बीण काढताना पिशवीला जो हिसका बसला, त्यानं आमचं इंजिन बंद पडलं होतं.

"आत आहे का, असं विचारलं होतं मी," शिवांजली म्हणाली.

हंबीरराव काचेतून गव्याकडं बघू लागले.

"आत लोटली असती तर?" मी विचारलं.

"तर तिथंच सुरू झालं असतं. हवेत." तिनं एक बोट ठेवून मूठ आत लोटली. टक्. "मी स्वतः हात घालून बघायला हवं होतं. विचारत काय बसले? उतरल्यावर वरचे सगळे खटके बघितले, आणि खाली बघितलंच नाही."

बाहेर एक मोठा गवा उपरण्यापाशी पोचला होता. त्यानं कार्ब्युरेटर चाटला. आवडला नसावा. मग त्यानं उपरण्यात शिंग घातलं आणि मान वर केली. नट, वायसर, नळ्या, प्लग चहूकडं उडाले. उपरणं शिंगावर तसंच राहिलं, आणि ते मिरवत गवा सावकाश जंगलात निघून गेला. अण्णा काचेला नाक लावून बघत होते.

"तंगी," ते म्हणाले, "चौकशीत आपण काय सांगायचं?"

"झालं ते."

"तसं न्हाय," हंबीरराव एकदम म्हणाले. "आत्ता अडकवली म्या. सकाळी मांडीवर हुती."

 खुंटीचं चौघांनी ऐकलं होतं आणि खरं काय ते चौघांना माहीत होतं. पण एक पोरगी, तिचे मालक आणि मालकांचे पावणे, यांच्यात खरं कुणाचं धरतात तेही चौघांना माहीत होतं. मी बाहेर बघितलं. धुकं चढत होतं.

संध्याकाळच्या तोंडाला धुक्यातून हाक आली.

"ओ पावणंऽऽ! हाय का कोन जित्तं?"

खालच्या वाडीतले आकाराम आणि त्यांच्याबरोबरची पाचसहा माणसं विमान उतरताना बघून दुपारपासून चढत होती. आकाराम विमानाला एक फेरी मारून आले, आत डोकावले, आणि म्हणाले, "इलेक्शन लागलं व्हय?"

खाली जायची वाट एका घळीतून होती. वाट म्हणजे पावसाळ्यात ज्या वाटेनं पाणी जातं ती. दोन्ही बाजूंना कारवीची दाट झुडपं, पायाखाली शेवाळ, उजेड संपत आलेला. हंबीररावांच्या पायांत कापशी चपला होत्या, नव्या, मोहिमेसाठी घेतलेल्या, आणि मानकरी म्हणून ते आकारामच्याही पुढं चालत होते.

एका वळणावर ते एकदम दिसेनासे झाले.

चप्पल घसरली. ते बसले. बसल्या बसल्या घरंगळले! हात कारवीला गेला, कारवी मुळासकट आली. पाय कडेबाहेर गेले. खाली नुसतं धुकं! आम्ही सगळे जागच्या जागी ओरडलो, म्हणजे मदत म्हणून काही केलं असं नाही. शिवांजली पोटावर पडली, पुढं सरकली आणि तिनं त्यांची कॉलर धरली. कॉलर टरकली. तिनं दंड धरला. आकारामनं तिचे पाय धरले, आकारामचे आणखी कुणी धरले, आणि ही माळ इंचाइंचानं मागं सरकत हंबीररावांना वर घेऊन आली.

ते चिखलात बसून राहिले. पाय मुरगळला होता.

"चप्पल गेली," ते म्हणाले.

बाकीची वाट त्यांना घोंगडीच्या झोळीतून आणलं. झोळी अर्थातच सर्वांत पुढं होती.

चौकशी त्याच आठवड्यात, सोमवारच्या आधी, सरकारी विश्रामगृहात झाली. दिल्लीहून दोन अधिकारी आले होते. शिवांजलीनं सगळं सांगितलं: पिशवी, मूठ, तिनं विचारलेलं, मिळालेलं उत्तर, आणि स्वतः हात घालून खात्री केली नाही तेही. वडीलधारे अधिकारी शांतपणे म्हणाले, "याला पुरावा? इंजिन तर तुम्ही लोकांनी..." आणि त्यांनी फोटोकडं बघितलं. फोटोत खडकावर पसरलेले भाग होते आणि एका कोपऱ्यात गव्याचं शेण.

मग अण्णांना विचारलं. अण्णांनी बाहेर व्हरांड्यात मला आधीच सांगितलं होतं की दोन्ही बाजू सांभाळायचं त्यांनी ठरवलंय. तंगी आपली, पण हंबीरराव चाळीस वर्षांचे मित्र. पिशवी हंबीररावांची नव्हतीच असं झालं, तर मूठ आपोआप बाहेर आली असं म्हणता येईल. म्हणजे कुणावरच काही नको.

"हंबीररावांचा काय संबंध साहेब?" अण्णा म्हणाले. "ते मागं बसले होते. पुढं हे सर होते."

शिवांजलीनं मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडातून "अं" एवढंच निघालं. लिहायची सवय असलेल्या माणसाला बोलायला उशीर लागतो. पण मला बोलावं लागलं नाही. कोपऱ्यात प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून बसलेले हंबीरराव काठी टेकून उभे राहिले होते.

"कोन मागं?"

"हंबीरराव, बसा," अण्णा म्हणाले.

"मी मागं? ह्ये सर पुढं आनि मी मागं? मृत्युंजया, सबंद तालुक्याला सांगून गेलतो मी पुढं बसनार म्हनून. फोटो काढल्यात इमानाच्या टेसनावर. साहेब, लिवून घ्या. पुढं मी बसलो हुतो."

अधिकारी पेन उघडत म्हणाले, "मग ती पिशवी?"

"माझीच. माज्याच गुडघ्यापाशी. दुसऱ्याची पिशवी पुढं कशी यील?"

"मूठ आत आहे का, असं यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"इच्यारलं की. दोनदा इच्यारलं. मी म्हनलं आत हाय."

"तुम्ही बघितलं होतं?"

हंबीररावांना प्रश्नच कळला नाही. "बघायचं काय त्यात?" ते म्हणाले.

ते लिहून घेतलं गेलं. यथावकाश निकाल आला. प्रवाशाच्या सामानामुळं इंधन बंद झालं; विमान उतरवणं उत्तम; वैमानिकानं यापुढं असा खटका स्वतःच्या हातानं तपासावा, अशी समज. समज म्हणजे शिक्षा नव्हे. पण सोमवारच्या मुलाखतीला जाताना निकाल हातात नव्हता. तिथं पहिलाच प्रश्न सड्याचा आला, आणि तिनं तिथंही सगळं तसंच सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. आता ती मोठी विमानं चालवते. तिच्या शेजारी कोण बसणार ते कंपनी ठरवते.

हंबीररावांनी तिचे आभार मानले नाहीत. घळीचा विषय निघाला की ते चपलेचं सांगतात. अण्णांनी विमान सुटं करून दोऱ्या लावून सड्यावरून खाली घेतलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कोल्हापूरला आणलं. ते फौंड्रीच्या मागं उभं आहे. त्याच्याभोवती दर रविवारी चारपाचजण वाकलेले असतात.

मुखपृष्ठासाठी गडाचा फोटो मात्र अजून नव्हता. शेवटी मी आकारामांना फोन करून विचारलं की त्या भागात निशाणगड म्हणून काही आहे का.

"हाय की," ते म्हणाले. "पल्याडचाच डोंगर. आदी इच्यारलं न्हाईसा?"

मी जाऊन फोटो काढून आलो. पायथ्याच्या वाडीपर्यंत गडहिंग्लजहून रोज सकाळी एसटी जाते. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते.